‘तोडणी-वाहतूक’ या एका ओळीतली माणसे: साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. चेअरमन व सर्व संचालक,
राज्यातील सहकारी आणि खासगी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरमध्ये सर्वसाधारण सभेच्या आधी कारखान्याचा अहवाल आम्हा सभासदांच्या घरी येतो. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, मग आपले मनोगत, मग आकडे. गाळप किती झाले, साखरेचा उतारा किती मिळाला, डिस्टिलरीतून किती लिटर निघाले, सहवीजनिर्मितीचे किती युनिट विकले, मळी किती शिल्लक, बगॅस म्हणजे उसाचा चोथा किती शिल्लक. मी हा अहवाल बारकाईने वाचतो. आमच्याकडे तो बहुतेकांच्या घरी न वाचताच रद्दीत जातो आणि सभेत ‘मंजूर, मंजूर’ होते, ते असो. शिल्लक बगॅसचा टनावारी हिशेब देणाऱ्या या पुस्तकात, तो ऊस ज्यांनी तोडला ती माणसे किती होती, हे कुठेच छापलेले नसते. त्यांच्या वाट्याला खर्चाच्या बाजूला एक ओळ येते: ‘ऊस तोडणी व वाहतूक’.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता नाही, ऊस उत्पादक आहे. त्या ओळीतला पैसा माझ्या बिलातून जातो, म्हणून विचारायचा हक्क आहे असे मी समजतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली. आपल्या राज्यात त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेले पैसे शेतकऱ्याला मिळतात. ही वजावट टनामागे सातशे-आठशेच्या घरात असते, काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणजे कागदावर पाहिले तर तोडणीचा खर्च माझा, मजूर टोळी आणणाऱ्या मुकादमाचा, करार वाहतूकदाराचा आणि ऊस कारखान्याचा. इतक्या हातांतून काम जाते आणि मजूर मात्र कुणाचाच नसतो. ही रचना आपोआप झालेली नाही. ती सोयीची आहे म्हणून टिकली आहे.

थोडा हिशेब मांडतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीन वर्षांसाठी. दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहून गाडीत भरतात. पहाटे चारला उठून सुरुवात; गाडी रात्री आली तर भरणी रात्रीही. दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात, एका माणसाचे ३६६. वर वाढे (उसाचे शेंडे) विकून काही मिळते तेवढे.

आता यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घाला. दसऱ्याच्या आधी मुकादम एका कोयत्याला लाखाच्या आसपास उचल देतो, कधी त्याहून जास्त. ती त्याला वाहतूकदाराकडून मिळते आणि वाहतूकदाराला कारखान्याकडून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून. ७३२ रुपये रोजाने एक लाख फिटायला १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता आणि तोंडात घास न घालता. २०२४-२५ च्या हंगामात गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झाले आणि अनेक कारखान्यांचा पट्टा शंभर दिवसांच्या आतच पडला, म्हणजे गाळप संपले. शंभर दिवसांत त्या जोडप्याची कमाई होते ७३ हजार. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत मिसळते, आणि पुढच्या दसऱ्याला ते जोडपे आपल्या मर्जीने येत नाही, बाकीपोटी येते. आपल्या देशात १९७६ पासून वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी कामाला बांधून घेणे म्हणजेच वेठबिगारी, असे तो कायदा सांगतो. संचालक मंडळाच्या कायदेशीर सल्लागाराला हे मी सांगायला नको.

दिवस कमी का झाले, याकडे जरा थांबून पाहू. पावसाने, उताऱ्याने फरक पडतो हे खरे. पण एक कारण आपल्याच बैठकीत जन्मले आहे. अडीच हजार टनांचा कारखाना पाच हजारांवर गेला, पाचाचा दहावर. शेजारच्या तालुक्यात नवा खासगी कारखाना उभा राहिला. ऊस तेवढाच, गाळणारी तोंडे दुप्पट, म्हणून हंगाम आखूड झाला. विस्तारीकरणाचा प्रस्ताव मंडळासमोर येतो तेव्हा त्यात यंत्रसामग्रीचा खर्च असतो, कर्जाची परतफेड असते, इथेनॉलचा दर असतो. हंगाम एकशे साठ दिवसांवरून नव्वदवर आला तर माजलगाव किंवा आष्टीच्या जोडप्याची उचल कशी फिटणार, हा प्रश्न त्या प्रस्तावात कधी असतो का? मी तरी ऐकलेला नाही. व्यवसायातली नीती म्हणजे लाच न घेणे आणि कर भरणे एवढेच असते, तर आपण बरेचजण उत्तीर्ण झालो असतो. पण आपला एक निर्णय, कुठलाही कायदा न मोडता, कितीतरी लांबच्या एका घराला आणखी एका वर्षाच्या कर्जात ढकलतो. खरी परीक्षा तिथे आहे.

आपली बाजू मला माहीत आहे, कारण ती माझीही बाजू आहे. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, त्यानंतर एफआरपी बहुतेक वर्षी चढत राहिली. कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मुकादम पैसे घेऊन पळतात. ट्रॅक्टर घेतलेली आमच्या गावातली पोरे त्यात बुडाली आहेत. टोळी आलीच नाही आणि हप्ता मात्र बँकेने सोडला नाही. शेतकऱ्याचीही तक्रार आहे. ऊस तुटायचा तर एकरी खुशाली म्हणजे वरचे पैसे द्या, ड्रायव्हरला एंट्री द्या, तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयची मर्जी राखा. नडलेल्या शेतकऱ्याकडून पैसे काढणाऱ्या टोळ्या आहेत, नाहीत असे मी म्हणणार नाही. पण नीट पाहिले तर हे सगळे रोग एकाच ठिकाणचे आहेत. ज्या व्यवहाराची कुठे नोंदच नाही, त्यात मुकादमही फसवतो, मजूरही पळतो, वाहतूकदारही बुडतो आणि शेतकरीही लुटला जातो. करार कोऱ्या स्टॅम्पवर, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि ती वही मुकादमाच्या खिशात. अशा धंद्यात फसवणूक झाली नाही तर नवल.

यात सर्वांत जास्त कोण भरडले जाते, हे २०१९ मध्ये साऱ्या राज्याने वाचले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. सहातली एक. त्यात कितीतरी तरुण बायका. अंगावर जाणे, ओटीपोटात दुखणे, पांढरे जाणे अशा तक्रारींवर सरळ ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असा सल्ला मिळालेल्या.

त्यानंतर काय झाले पाहा. डॉक्टरांवर टीका झाली, ती योग्यच होती. शस्त्रक्रियांवर सरकारी परवानगीचा अंकुश आला, तोही बरा. पण ती बाई डॉक्टरकडे पोचली कशी, हा प्रश्न दवाखान्याच्या दारातच अडला, कारखान्याच्या गेटपर्यंत आलाच नाही. फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, शौचालय नाही, कोपीजवळ (मजुरांच्या झोपडीजवळ) न्हाणीला आडोसा नाही, पाणी कुठल्यातरी शेतातल्या पाइपाचे. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घ्यावीच लागते, कारण एक दिवस बसले तर खाडा, आणि खाड्याचे पाचशे किंवा त्याहून जास्त कापले जातात. दोघांपैकी एक आजारी पडले तरी कोयता मोडतो, म्हणजे दोघांचाही रोज बुडतो. संसर्ग होणार नाही तर काय होणार? आणि दर महिन्याला असे तीन-चार दिवस बुडण्यापेक्षा एकदाच काय ते काढून टाकू, हा विचार त्या बाईच्या डोक्यात कुणी घातला? डॉक्टरने घातलाच. पण जमीन आपल्या नियमांनी आधीच भुसभुशीत करून ठेवली होती. त्या शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा मुकादमाकडूनच उचलला जातो, म्हणजे तो पुन्हा आपल्याच हंगामात वळता होतो.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हाच विषय जगापुढे मांडला आणि महाराष्ट्रातल्या साखरेचा माग कोका-कोला, पेप्सी या कंपन्यांच्या पुरवठ्यापर्यंत काढला. आपल्यातल्या काही जणांनी तेव्हा ‘परदेशी पेपर बदनामी करतात’ असे म्हटले. बातमी परदेशातून आली याची लाज मलाही वाटली, पण वेगळ्या कारणाने. त्याआधी वर्षभर, २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली होती. तेव्हा आपल्याला बदनामी दिसली नाही, कारण न्यायालय साखर विकत घेत नाही.

मोठ्या खरेदीदारांची माणसे आता कारखान्यात येतात. हेल्मेट आहे का, अग्निशमन नळकांडी भरलेली आहे का, सांडपाणी कुठे सोडता, हे पाहून जातात. त्यांची तपासणी ऊस यंत्रात पडतो त्या गव्हाणीपाशी संपते. गव्हाणीच्या अलीकडे, फडापासून काट्यापर्यंत जे काही चालते, ते ‘पुरवठादाराचे’ असते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातले तिसरे तत्त्व स्वच्छ म्हणते की व्यवसायाने सर्व कर्मचाऱ्यांचे हित जपावे, आणि त्यात मूल्यसाखळीतले लोकही धरावेत. ऊस तोडणारी बाई साखरेच्या मूल्यसाखळीत बसत नाही असे म्हणायचे, तर कोण बसते ते तरी सांगा.

इथे सीएसआरबद्दल बोलायलाच हवे. खासगी कारखान्यांना, नफा-उलाढालीची अट बसत असेल तर, कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. काही ठिकाणी त्यातून ऊसतोड मजुरांना ब्लँकेटे वाटतात, आरोग्य शिबिर घेतात, फोटो अहवालात छापतात. ब्लँकेट ऊबच देते, त्याला माझा विरोध नाही. पण याच सीएसआरच्या नियमांत असेही लिहिले आहे की कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआर धरला जात नाही. म्हणजे ब्लँकेटाच्या प्रत्येक पावतीवर कारखाना लिहून देतो की ही माणसे आमची नाहीत. दान देताना माणूस नाकारायची इतकी सफाईदार सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असे वाटत नाही.

सहकारी कारखान्यांना ते कलम लागू नाही, कारण ते कंपन्या नाहीत. त्यांच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, १९५० साली तिथे गाळप सुरू झाले. सावकाराच्या वहीतून शेतकरी सुटावा, हा त्यामागचा हेतू होता. पंचाहत्तर वर्षांनी बागायतदार सुटला, दूध संघ आले, कॉलेजे आली, बँका आल्या. वही मात्र राहिली, फक्त तिच्यातली नावे आता केज, पाटोदा आणि शिरूर कासारची आहेत. आमच्या पट्ट्याला पाणी मिळाले आणि त्यांच्या पट्ट्याला मिळाले नाही, एवढाच काय तो आपला पराक्रम.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तितकेच सरकारकडून असे ठरले. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होते, म्हणजे कारखान्यांचा वाटा शंभर कोटी. मजूर दहा लाख धरले, तर माणशी वर्षाला हजार रुपये. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२. ती पुरेशी झाली तर पोरे आजी-आजोबांकडे किंवा फडात राहणार नाहीत. साखरशाळा जवळजवळ बंदच पडल्या, आणि फडाच्या कडेला झोळीत टाकलेल्या लेकरापर्यंत बिबट्या पोचतो हे जुन्नर-संगमनेरकडच्या कारखान्यांना वेगळे सांगायला नको. पण महामंडळाला दहा रुपये दिले म्हणजे आपली जबाबदारी फिटली, हा सूर मला मान्य नाही. तसे असेल तर कारखान्यातल्या फिटरची काळजीही एखाद्या महामंडळाला दहा रुपये देऊन सोडून टाका.

मजूर दहा लाख ‘धरले’ असे मी वर म्हटले. धरावे लागले, कारण नेमका आकडा कुणाकडे नाही. कुणी आठ सांगते, कुणी बारा. राज्याबाहेर बेळगावकडे गेलेला मजूर निदान कायद्याने आंतरराज्य स्थलांतरित ठरतो. बीडहून कोल्हापूरला आलेला तेवढाही नाही. १९७९ च्या कायद्यात ही रेषा होती, नव्या श्रमसंहितेतही ती आहेच.

म्हणून माझी मागणी एकच आहे, बाकी सगळे तिच्यामागून येईल. आपल्या कारखान्यासाठी तोडणी करणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद कारखान्याच्या दप्तरी हवी. कोयत्याची नाही, माणसाची. नवऱ्याचे नाव वेगळे, बायकोचे नाव वेगळे, दोघांची बँक खाती वेगळी. बहुतेक ठिकाणी आज बाई कागदावर नाहीच. निम्मा ऊस ती तोडते, भरणीला शिडीवरून मोळी ती चढवते, आणि हिशेबाला नवरा बसतो. मुकादमाला त्याचे वीस टक्के कमिशन वेगळे द्या, मजुराची मजुरी मजुराच्या खात्यात टाका. किती उचल घेतली, किती फिटली, याची एक प्रत कारखान्याकडे ठेवा.

हे जमणार नाही असे कृपा करून सांगू नका. माझ्या उसाची लागण जीपीएसने नोंदली जाते. गाडी काट्यावर चढली की मोकळे वजन, भरलेले वजन माझ्या मोबाइलवर येते. आता तर उपग्रहाच्या चित्रांवरून आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने कुठल्या प्लॉटला पाणी कमी पडले हे कळू लागले आहे. ज्या संगणकावर माझ्या नावापुढे गट नंबर, जात, लागणीची तारीख, टनेज सगळे आहे, त्यावर तोडणाऱ्याच्या नावाचा आणखी एक रकाना घालायला काय खर्च येईल? वजनाचा जो मेसेज मला येतो तोच तोडणाऱ्यांनाही जाऊ द्या. काटामारीचा संशय आम्हालाही असतो आणि त्यांनाही. दोघांना एकच आकडा दिसला तर कारखान्यावरचा विश्वासच वाढेल.

नोंद झाली की बाकीचे प्रश्न टाळता येत नाहीत. शंभर टोळ्यांत बायका किती, हे माहीत असले की फिरती शौचालये किती लागतील हे काढता येते. कोण गरोदर आहे हे कळले की तिच्या खाड्याचे पैसे कापू नका असे मुकादमाला लेखी बजावता येते. अपघात झाला तर विम्याला नाव लागते. आणि पुढच्या वेळी विस्तारीकरणाचा प्रस्ताव येईल, तेव्हा हंगाम किती दिवसांचा होईल आणि उचल किती जणांची फिटणार नाही, हेही त्यात मांडावे लागेल.

‘आता यंत्रे येतायत, हा प्रश्न आपोआप सुटेल’, असेही ऐकतो. हार्वेस्टर येतायत, सरकार अनुदानही देते. पण आमच्याकडचे वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, चिबडाची (पाणथळ) रानं, अरुंद सऱ्या, यांत ते यंत्र शिरायला वेळ आहे. आणि यंत्र आले म्हणून दहा लाख माणसांशी इतकी वर्षे केलेला व्यवहार बेदखल होत नाही. दरवर्षी ‘तोडणी मजूर मिळत नाहीत’ म्हणून आपण रडतो. बीडची नवी पोरे कोयता हातात घ्यायला तयार नाहीत, हे मला तरी त्यांच्या शहाणपणाचे लक्षण वाटते.

आमच्या कारखान्याच्या येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी ठराव देत आहे. ‘चालू हंगामापासून तोडणी कामगार स्त्री-पुरुषांची वैयक्तिक नोंद कारखान्याने ठेवावी, मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यावर द्यावी, आणि त्यांची संख्या, दिलेली मजुरी, न फिटलेली उचल, अपघात व आजारपण यांची माहिती वार्षिक अहवालात स्वतंत्र पानावर छापावी.’ सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकही मिळाला आहे. इतर कारखान्यांच्या सभासदांनी हाच मजकूर आपापल्या सभेत द्यावा, त्यासाठी माझी परवानगी लागत नाही. ठराव ‘ऐनवेळच्या विषयां’त ढकलू नये, मूळ विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि नामंजूर करायचा असेल तर कारणासह नामंजूर करावा, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
एक ऊस उत्पादक सभासद